नील पिअर्टसारखी काउबेलची रांग लावायची असेल तर: एलपीच्या बेल्स, माउंट आणि रॅकचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, मग सविस्तर बोलू. रश या रॉक बँडचा ड्रमर नील पिअर्ट याच्या ड्रम किटवर जशी काउबेल्सची (स्टिकने वाजवायच्या पत्र्याच्या घंटांची) रांग असायची तशी आपल्या किटवर लावायची असेल तर बेल्स एलपी या कंपनीच्या घ्या, पण फक्त नाव बघून घेऊ नका, प्रत्येक बेल वाजवून ऐकून घ्या, आणि जेवढा विचार बेल्सचा कराल त्याच्या दुप्पट विचार माउंटचा, म्हणजे बेल किटवर धरून ठेवणाऱ्या जोडणीचा करा. कारण बेल कितीही सुंदर वाजणारी असली आणि ती दोन गाण्यांत फिरून खाली तोंड करून लटकायला लागली तर त्या सेटअपचा काही उपयोग नाही. मी पाच बेल्सची रांग लावलीये, गेले बरेच महिने रोज वाजवतोय, आणि आता त्याबद्दल नीट लिहिण्याइतपत मत तयार झालंय.

मुळात हे का करायचं ते सांगतो. रॉकमध्ये काउबेल म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर एकच बेल येते, बास ड्रमच्या वर लावलेली, आणि तिच्यावर सरळ चार ठोके. कॉर्की लेंगने माउंटन या बँडमध्ये तेच केलं, ग्रँड फंक या बँडच्या डॉन ब्रूअरने तेच केलं, आणि ते जबरदस्तच आहे, त्यात वाद नाही. तिथे बेलचं काम म्हणजे अख्ख्या बँडला धरून ठेवणं. पण नीलकडे बेल्स ताल धरायला नव्हत्या, त्या गायला होत्या. १९८१ च्या 'एक्झिट... स्टेज लेफ्ट' या लाइव्ह अल्बममध्ये 'वायवायझी' या रशच्या रचनेच्या मधोमध जो ड्रम सोलो आहे तो ज्यांनी ऐकलाय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. टॉम्सचा सगळा गडगडाट चाललेला असतो आणि त्यातून अचानक बेल्स येतात, आणि एकदम जाणवतं की अरे हा आता चाल वाजवतोय! सुरांची उंची वेगवेगळी असल्यामुळे कान आपोआप ती एक धून म्हणून ऐकायला लागतो, आणि नंतर तुम्ही ती गुणगुणूही शकता, ड्रम सोलोमधला तुकडा गुणगुणता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे.

आणि हे अचानक आलेलं नव्हतं. रश म्हणजे तीन माणसांचा बँड, गेडी ली बास आणि कीबोर्ड आणि गाणं सांभाळणार, अ‍ॅलेक्स लाइफसन गिटार, मग बाकीचे रंग भरायचे कोणी? १९७७ च्या 'अ फेअरवेल टू किंग्ज'पासून नीलने ते काम अंगावर घेतलं, टेंपल ब्लॉक, ट्यूब्युलर बेल्स, विंड चाइम्स, ग्लॉकनश्पील, सगळं किटच्या भोवती आलं आणि काउबेल्स त्याच कुटुंबातल्या. म्हणून ही रांग म्हणजे एका काउबेलच्या पाच प्रती असं समजून लावली तर ती कधीच जमणार नाही. ते एक छोटं सुरेल वाद्य आहे असं समजून लावावी लागते, माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे आणि पुढे जे काही लिहिलंय ते यातूनच आलंय.

त्यामुळे नीलच्या किटवरची प्रत्येक बेल नेमकी कुठल्या कंपनीची, कुठलं मॉडेल, कुठल्या वर्षीचं, या शोधात मी पडलो नाही. त्याने स्वतः स्लिंगरलँड, मग टामा, मग लुडविग, मग डीडब्ल्यू अशा कंपन्यांची किट्स बदलली, भोवतीच्या वस्तूही बदलत गेल्या, तरी ऐकताना तो नीलच वाटतो. आपल्याला हवंय ते सुरांमधलं नातं. आणि अशी जुनी मांडणी परत उभी करण्यात काही कमीपणा नाही बरं का, २०१५ च्या आर४० या शेवटच्या मोठ्या टूरवर त्याने स्वतःच दोन किट्स नेली होती आणि मध्यंतरानंतर सत्तरच्या दशकातल्या आपल्या किटच्या धर्तीवर बांधलेल्या दुसऱ्या किटवर तो बसायचा. ती डीडब्ल्यूने बनवली होती. म्हणजे स्वतःचाच जुना सेटअप त्याने चाळीस वर्षांनी परत मांडला, आपण त्याचे चाहते, आपण का नाही मांडायचा.

आता बेल्सकडे येतो. एलपी म्हणजे लॅटिन पर्कशन, १९६४ मध्ये मार्टिन कोहेन या न्यू जर्सीतल्या इंजिनियरने सुरू केलेली कंपनी. अमेरिकेने क्यूबावर व्यापारबंदी घातल्यावर तिथून येणारे बोंगो वगैरे मिळेनासे झाले आणि हा माणूस स्वतःच वाद्यं बनवायला लागला. हे सांगण्याचं कारण असं की एलपीच्या बेल्सची नावं बघितली की नवीन माणूस गोंधळतो, चा-चा बेल, मांबो बेल, बोंगो बेल, ही सगळी नावं क्यूबन संगीतातून आलीत. टिंबाले (स्टिकने वाजवायचे क्यूबन ड्रम) वाजवणारा दोन बेल्स लावतो, छोटी उंच सुराची चा-चा आणि मोठी खालच्या सुराची मांबो, आणि बोंगो वाजवणारा गाणं तापलं की बोंगो खाली ठेवून हातात मोठ्या तोंडाची बेल घेतो. म्हणजे उंच आणि खालचा सूर मिळून एकमेकांशी बोलतात ही कल्पना त्या संगीतात आधीपासूनच आहे, आणि म्हणूनच रांग लावायला ही रेंज इतकी कामाला येते, यातली प्रत्येक बेल दुसऱ्या बेलच्या सोबत वाजायला म्हणूनच जन्माला आलीये.

माझ्या रांगेत चा-चा, ब्लॅक ब्यूटी, ब्लॅक ब्यूटी सीनियर, मांबो आणि रॉक बेल अशा पाच आहेत.

ब्लॅक ब्यूटीबद्दल थोडं जास्त लिहितो कारण ती खरोखर या रांगेचा जीव आहे. छोटी, काळी, आवाज कोरडा आणि उंच, 'टक' म्हणते आणि लगेच गप्प होते. सोलोमध्ये वेगाने वाजवायचं असेल तर हे गप्प होणं फार महत्त्वाचं, कारण सोळाव्या मात्रांमध्ये बेल रेंगाळत राहिली तर पुढचा ठोका आधीच्या शेपटीत हरवतो. ब्लॅक ब्यूटीत प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो, अगदी हळू वाजवलं तरी. स्टिकच्या टोकाने अंगावर मारलं की बारीक 'टिक', स्टिकच्या खांद्याने (टोकामागच्या निमुळत्या भागाने) तोंडाच्या काठावर मारलं की भरलेला सूर, दोन्हींमध्ये फरक स्पष्ट आहे पण दोन वेगळ्या बेल्स वाटाव्यात इतका नाही. सीनियर तिची मोठी बहीण, सूर खाली, अंग जास्त, नाद थोडा लांब, तरी कोरडेपणा तोच. एकच बेल घ्यायची असेल तर सीनियर घ्या, ती ताल धरायलाही चालते आणि रांगेच्या मध्यभागी पण शोभते.

चा-चा बेल ब्लॅक ब्यूटीपेक्षा थोडी मोकळी, जरा जास्त 'टिंग' असलेली. मांबो रुंद तोंडाची, तिचा सूर पसरट आहे, काठावर मारली की 'ठंग' असा मोठा येतो आणि त्यात खालचा सूर छान ऐकू येतो. रॉक बेल आठ इंची, मोठी, खणखणीत, गिटारच्या भिंतीतून आरपार जाणारी, आणि हीच माझ्या रांगेतली सगळ्यात अवघड बेल. एकटी वाजवताना मजा आणते पण बाकीच्यांबरोबर वाजवली की ती सगळ्यांवर ओरडते, तिला दाबावं लागतं, कसं ते पुढे सांगतो. रिज रायडर म्हणून एलपीची अजून एक प्रसिद्ध बेल आहे, जिच्या काठावर प्लास्टिकची पट्टी असते, स्टिक वाचते आणि वरचे कर्कश ओव्हरटोन कमी होतात. ताल धरायला ती छान आहे, दिवसभर वाजवा, कानाला त्रास नाही. पण रांगेत मी ती घेतली नाही, पट्टीमुळे ठोक्याचा धारदारपणा जातो आणि चाल वाजवताना ती एकच बेल ब्लँकेट पांघरून बसल्यासारखी वाटते.

अजून एका कंपनीचा तयार सेट पण मी वाजवून बघितला, नाव लिहीत नाही, चार बेल्स एकाच रॉडवर बसवून येतात, दिसायला फार देखणा. आवाज मात्र चौघींचा जवळपास एकच, आकार वेगळे पण सुरात फरक नाही, आणि दोन बेल्सच्या जोडावर वेल्डिंग नीट धरलेलं नसल्यामुळे प्रत्येक ठोक्याबरोबर बारीक खरखर येत होती. काउबेल घेताना हे नक्की तपासा, पत्रा दुमडून जिथे जोडलेला असतो तिथे बोटाने दाबून धरा आणि वाजवा, आवाज बदलला किंवा खरखर थांबली तर ती बेल परत ठेवा.

सूर जुळवायचं प्रकरण मला सगळ्यात जास्त आवडलं. काउबेलला एक सूर नसतो. पत्र्याच्या या डब्यातून एकाच वेळी अनेक सूर निघतात आणि ते एकमेकांच्या पटीत नसतात, त्यामुळे गिटारच्या तारेसारखा स्वच्छ 'हा सा' असं बोट ठेवून सांगता येत नाही. रोलँडने १९८० मध्ये टीआर-८०८ हे ड्रम मशीन बनवलं तेव्हा त्यातली काउबेल त्यांनी दोन चौकोनी लहरींमधून बनवली, एक साधारण ५४० हर्ट्झची आणि दुसरी ८०० ची, आणि एवढ्या दोन सुरांवर कान म्हणतो ही काउबेल आहे. (योगायोग असा की एलपी पुढे डीडब्ल्यूकडे गेली आणि २०२२ मध्ये डीडब्ल्यू रोलँडने घेतली, म्हणजे ती यंत्रातली काउबेल आणि ही पत्र्याची काउबेल आता एकाच घरात नांदतायत.) तर मुद्दा असा की ट्यूनर अ‍ॅप लावून बेलचा सूर बघायला गेलात तर प्रत्येक ठोक्याला तो वेगळंच काहीतरी दाखवेल, त्याच्या नादी लागू नका. बेल वाजवा, आणि ती वाजल्यावर तोंडातून जो सूर आपोआप निघतो तो गा. गायलेला सूर हाच त्या बेलचा सूर, कारण ऐकणाऱ्यालाही तोच ऐकू येणार आहे.

दोन शेजारच्या बेल्समध्ये मला साधारण दोन ते तीन सेमीटोनचं अंतर आवडतं (पेटीवर लागून असलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन). त्याहून कमी ठेवलं तर ऐकणाऱ्याला वाटतं एकच बेल आहे आणि वाजवणाऱ्याचा हात चुकला. फार जास्त ठेवलं तर धून तुटते, नुसत्या उड्या ऐकू येतात. सगळी अंतरं समान ठेवायची पण गरज नाही, माझ्याकडे मधल्या दोन बेल्स जवळ आहेत आणि दोन्ही टोकाच्या लांब, आणि त्या असमानतेमुळेच वाजवताना चालीला आकार येतो. आणि हे लक्षात ठेवा की एकाच मॉडेलच्या दोन बेल्स हुबेहूब सारख्या वाजत नाहीत, जोडकाम आणि पत्र्याचा वाक यात थोडा थोडा फरक पडतोच, म्हणून मी वर म्हटलं की वाजवून घ्या. शक्य असेल तर आधी घेतलेली बेल सोबत घेऊन जा आणि नवीन बेल तिच्या शेजारी धरून वाजवा. तुमची चा-चा माझ्या ब्लॅक ब्यूटीपेक्षा वर असेल की खाली हे मी सांगू शकत नाही, कॅटलॉग पण सांगू शकत नाही.

सूर थोडासा हलवायचा असेल तर एक सोपा उपाय आहे, लोहचुंबक. बेल स्टीलची असल्यामुळे छोटा चपटा लोहचुंबक तिला मस्त चिकटतो, आणि तोंडाच्या काठाजवळ लावला तर तिथे वजन वाढल्यामुळे सूर किंचित खाली येतो, नादही आखूड होतो. मागे बंद टोकाकडे सरकवला की परिणाम कमी. म्हणजे सरकवत सरकवत हवं ते मिळवता येतं आणि बेलला ओरखडाही येत नाही. रॉक बेलचं ओरडणं मी असंच कमी केलं, आतल्या बाजूने गॅफर टेपची दुहेरी घडी आणि बाहेरून एक चुंबक. फोम कोंबू नका, फोमने सूरच मरतो, मग राहतो तो भांड्यावर चमचा आपटल्यासारखा आवाज. नीलच्या बेल्स मोकळ्या वाजतात, त्यात थोडा जंगलीपणा आहे, तो राहिला पाहिजे.

आता माउंट. इथे मी सगळ्यात जास्त चिकित्सा केली आणि इथेच सगळ्यात जास्त फरक पडला.

काउबेल मागच्या बाजूला एका आय-बोल्टने आणि विंगनटने रॉडवर घट्ट होते. रॉड दोन जाडीचे असतात, तीन अष्टमांश इंच म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटर, आणि अर्धा इंच म्हणजे पावणेतेरा मिलिमीटरच्या आसपास. काही बेल्स फक्त एकाच जाडीवर बसतात, काही दोन्हींवर. घेण्याआधी हे बघा, कारण बारीक रॉडवर मोठ्या भोकाची बेल बसवली तर ती कितीही आवळली तरी फिरणारच. एलपीचं जे स्वतः जुळवून घेणारं माउंट आहे ते मला आवडलं, दोन्ही जाडीच्या रॉडवर घट्ट बसतं आणि बेल काढायला-घालायला त्रास नाही. मोठ्या बेल्सना, म्हणजे मांबो आणि रॉक, मी अर्ध्या इंचाचेच रॉड दिलेत, त्या बेल्स जड आहेत आणि ठोकाही त्यांच्यावर जोरात पडतो.

बरेच लोक सगळ्या बेल्स एकाच लांब आडव्या बारवर लावतात, फोटोत ते छान दिसतं आणि हार्डवेअर पण कमी लागतं. माझा अनुभव असा की पाच बेल्सच्या वजनाने बार वाकतो, एका बेलवर मारलं की बाकीच्या चार पण बारीक थरथरतात, आणि एका बेलचा कोन बदलायचा तर शेजारणीला पण हलवावं लागतं. म्हणून मी जिब्राल्टर या कंपनीचा दीड इंची पाइपवाला रॅक घेतला आणि प्रत्येक बेलला वेगळा एल आकाराचा रॉड आणि वेगळा क्लॅम्प दिला. जास्त खटपट आहे, वजन वाढतं, नेताना पिशवी जड होते. पण प्रत्येक बेल आपापल्या उंचीवर, आपापल्या कोनात, आणि एक वाजली की दुसरी शांत. चाल वाजवायची म्हणजे ही शांतता लागतेच, नाहीतर सगळे सूर एकमेकांत मिसळून गोंगाट होतो.

रॉड घेताना ज्याच्या अंगावर खरबरीत कट असतात तोच घ्या, गुळगुळीत क्रोमवर क्लॅम्प सरकतो. आणि मेमरी लॉक (रॉडची जागा पक्की ठेवणारी कडी) प्रत्येक रॉडला लावा, नाहीतर प्रत्येक वेळी किट लावताना कोन परत शोधत बसाल. जिब्राल्टरचे क्लॅम्प दणकट आहेत, मांबोवर पूर्ण ताकदीने वाजवूनही काही हललं नाही, एवढं मात्र म्हणेन की विंगनट लहान आहेत आणि घामेजल्या हाताने घट्ट करायला बोटं दुखतात, ड्रम की वापरून आवळायचा बोल्ट असता तर अजून बरं झालं असतं. पहिल्या काही दिवसांत प्रत्येक वाजवण्यानंतर सगळे नट परत आवळा, रंगाचा थर आणि प्लास्टिकचे भाग बसायला वेळ लागतो, नंतर फारसं बघावं लागत नाही.

बेल्सचं तोंड माझ्याकडे आहे, जरासं खाली झुकलेलं, म्हणजे स्टिकचा खांदा सहज काठावर पडतो. पाचही बेल्सवर ठोका एकाच जागी पडला पाहिजे ही अट मी धरून ठेवलीये, कारण एका बेलवर काठावर आणि दुसरीवर अंगावर मारलं तर सुरांची सगळी जुळवाजुळव वाया जाते. त्यासाठी बेल्सचे काठ एका रेषेत आणले, मागची बाजू कोणाची कुठे का असेना. लावल्यात हाय-हॅटच्या (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीच्या) वरून पहिल्या टॉमपर्यंत, जरा कमानीत, खांदा न उचलता दोन्ही हात पोचतील अशा.

क्रम कसा लावायचा यावर मी खूप खेळलो. सरळ खालून वर असा पेटीच्या पट्ट्यांसारखा क्रम लावला तर हात आपोआप चढ-उतार वाजवायला लागतात आणि दोन मिनिटांत कंटाळा येतो. सीनियर मध्यभागी, तिच्या एका बाजूला ब्लॅक ब्यूटी आणि रॉक, दुसऱ्या बाजूला मांबो आणि चा-चा असा उलटसुलट क्रम लावला आणि साधा पॅराडिडल (उजवा-डावा-उजवा-उजवा, मग डावा-उजवा-डावा-डावा) दोन शेजारच्या बेल्सवर वाजवला तरी त्यातून धून निघायला लागली! उजवा हात एका सुरावर, डावा दुसऱ्यावर, आणि पॅराडिडलमध्ये हात उलटले की धूनही उलटते. खाली बास ड्रमवर सरळ ठोका आणि हाय-हॅट पायाने उलट मात्रेवर, यावर अर्धा तास वाजवत बसलो तरी पुरे होत नाही. ज्यांना सोलो वगैरे करायचा नाहीये त्यांनी पण हे करून बघा, हातांच्या स्वतंत्रपणासाठी याच्यासारखा सराव मला दुसऱ्या कशात मिळाला नाही.

स्टिकबद्दल. काउबेल स्टिक खाते, हे कोणीही सांगेल. नील प्रोमार्क कंपनीची ७४७ ही स्टिक वापरायचा, त्याच्या नावाची जी येते ती जपानी ओकची, आणि जुन्या दिवसांत डाव्या हातात स्टिक उलटी धरून जाड टोकाने वाजवायचा. मी हिकोरी आणि ओक दोन्ही लाकडांच्या स्टिक्स या रांगेवर वाजवल्या. ओक जड आहे, टणक आहे, खांद्याला खाचा पडतात पण हिकोरीसारखे तुकडे निघत नाहीत. आणि आवाजातही फरक आहे, ओकने बेलचा खालचा सूर जास्त भरून येतो. उलट्या स्टिकने तर सीनियर आणि मांबो अशा काही वाजतात की विचारू नका, फक्त ब्लॅक ब्यूटीवर तसं वाजवू नका, ती छोटी आहे, तिचा नाजूकपणा जातो.

रेकॉर्डिंगमध्ये बेल्सना वेगळा माइक लागतो का? माझ्या मते नाही. किटच्या वर लावलेल्या ओव्हरहेड माइक्समध्ये त्या भरपूर येतात, उलट जास्तच येतात, म्हणून ओव्हरहेडची जागा ठरवतानाच बेल्स वाजवून बघा. स्नेअर ड्रमच्या खालच्या तारा बेल्सबरोबर थोड्या खुळखुळतात, बेल्सचा भाग एकटा असेल तर तेवढ्यापुरता स्नेअरचा स्ट्रेनर (तारा ताणून धरणारा खटका) सोडून ठेवा. आणि कानात प्लग घाला, हे मनापासून सांगतोय, बंद खोलीत रॉक बेल कानापासून हातभर अंतरावर वाजते, रोज वाजवायची असेल तर कानांची काळजी आधी.

काही मित्र म्हणाले, एवढा खटाटोप कशाला, इलेक्ट्रॉनिक पॅडवर सॅम्पल, म्हणजे बेलचा रेकॉर्ड केलेला आवाज टाक, हवा तो सूर मिळेल. बरोबर आहे, मिळेल. नीलने स्वतः ऐंशीच्या दशकात सिमन्सची पॅड्स घेतली, पुढे रोलँडची व्ही-ड्रम्स, मुख्य किटच्या पाठीमागे इलेक्ट्रॉनिक किट आणि त्याचं आसन-रायझर सगळं फिरणारं, तंत्रज्ञानाशी त्याचं काही वाकडं नव्हतं. जागा नसेल, शेजारी वैतागत असतील, रोज किट हलवावं लागत असेल, तर पॅड घ्याच. पण पत्र्याच्या बेलवर हळू वाजवलं की फक्त आवाज कमी होत नाही, सूरच वेगळा होतो, काठावरून बोटभर आत सरकलं की रंग बदलतो, आणि एकाच जागी दोनदा मारलं तरी दोन ठोके जुळे नसतात. सोलोमध्ये मला जे ऐकून अंगावर काटा आला होता ते यातच होतं, आणि ते मला पॅडमध्ये सापडलं नाही.

गुण द्यायचे तर ब्लॅक ब्यूटी आणि सीनियर दोघींना पाचपैकी पाच. मांबोला साडेचार, चा-चाला चार, तिच्या जागी अजून थोडी कोरडी बेल मिळाली तर घेईन. रॉक बेल एकटी पाच, या रांगेत साडेतीन. जिब्राल्टरचा रॅक साडेचार, ते विंगनट सोडले तर पाच. सुरुवात करणाऱ्याने एकदम पाच घेऊ नयेत, सीनियर आणि मांबो अशा दोन घ्या, त्यांच्यातल्या सुरांवर महिनाभर खेळा, मग कान स्वतःच सांगतो की मधे काय हवंय आणि वर काय हवंय. रॅक मात्र पहिल्यापासूनच घ्या, म्हणजे पुढच्या प्रत्येक बेलला फक्त एक क्लॅम्प आणि एक रॉड वाढवायचा.

माझ्या रॅकवर अजून एका क्लॅम्पची जागा शिल्लक आहे. तिथे बोंगो बेल लावून बघायचीये, तिचं तोंड मोठं आहे आणि काठावरचा व अंगावरचा सूर दोन्ही अगदी वेगळे निघतात, त्यामुळे एका बेलमध्ये दोन सूर मिळतील का हे बघायचंय. ती मुळात हातात धरून वाजवायची बेल, त्यामुळे रॉडवर बसवायला वेगळं माउंट लागेल, कोणी बसवली असेल तर कुठलं वापरलं ते नक्की सांगा.